कमानपाट्याच्या ठिणग्या

शाहूवाडीच्या मलकापुरात भंगाराला तोटा नाही. कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता आपल्याच गावावरून जातो आणि पुढे आंबा घाट लागतो. घाट चढून-उतरून थकलेल्या ट्रकांचे तुटके कमानपाटे, झिजलेले ब्रेकड्रम, बेअरिंगं, सायलेन्सरची नळकांडी गॅरेजांच्या मागे साचत राहतात. शेतीचं भंगार आणखी वेगळं: नांगराचे फाळ, पॉवर टिलरची पाती, गुऱ्हाळाच्या घाण्याची दाती चाकं, बुडाला भोकं पडलेली काहील. हे सगळं काट्यावर चढतं, किलोवर विकलं जातं, टेम्पोत भरून कोल्हापूरकडे रवाना होतं. त्यातलं बरंच शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांच्या भट्ट्यांत वितळतं आणि कुठल्यातरी पंपाचं किंवा गाडीच्या इंजिनाचं कास्टिंग होऊन बाहेर पडतं.

टेम्पो भरायच्या आधी त्या ढिगातून चार तुकडे बाजूला काढायचे आणि त्यांचं शिल्प करायचं, हे मी सध्या शिकते आहे. मोर, घोडा, शेतकरी असलं काही नाही. कशाचंही चित्र नसलेलं, नुसत्या आकारांचं शिल्प. घरच्यांना ते पटवून देणं अवघड गेलं, कारण मलाच ते नीट सांगता येत नव्हतं. आजही पुरतं येत नाही. पण या कामाने मला असं काही धरून ठेवलंय की मी शिकवते त्या शाळेची घंटा झाली की पाय आपोआप वर्कशॉपकडे वळतात.

सुरुवात एका पुस्तकातल्या छायाचित्रांनी झाली. पिलू पोचखानवाला यांच्या शिल्पांची ती छायाचित्रं होती. 1923 ते 1986 हा त्यांचा काळ. मुंबईच्या पारशी बाई, आधी जाहिरातीच्या क्षेत्रात नोकरी, कलाशाळेचं शिक्षण नाही. 1951 मध्ये युरोपचा प्रवास घडला, तिथली शिल्पं पाहिली आणि परत येऊन स्वतःच शिकत शिल्पकार झाल्या. दगड, लाकूड हाताळत हाताळत धातूकडे आणि भंगाराकडे वळल्या. त्यांचं ‘स्पार्क’ नावाचं धातूचं शिल्प मुंबईत हाजीअलीजवळ उभं होतं. पुढे ते तिथून हललं. सर कावसजी जहांगीर हॉलचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय व्हावं म्हणून ज्यांनी जीव तोडून प्रयत्न केले, त्यांत त्या होत्या. संग्रहालय 1996 मध्ये सुरू झालं, ते पाहायला त्या नव्हत्या. लोखंडाचे तुकडे हवेत एकमेकांना धरून उभे आहेत आणि कुठेही माणूस किंवा प्राणी दिसत नाही, तरी नजर हटत नाही, हे कसं होतं? तो प्रश्न घेऊन मी गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात गेले.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड. ट्रॉल्या, गेट, खिडक्यांचे गज, गोठ्याचे खांब असली कामं तिथे चालतात. मिस्त्री साठीच्या आसपासचे. मी काय करायचं म्हणते ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “ताई, मापं कुटं हायत?”

मापं नव्हती. गेटला माप असतं, ट्रॉलीला असतं. मला जे करायचं होतं त्याला उंची-रुंदी काय असावी, ते कशावर ठरतं, यातलं काहीच मला सांगता आलं नाही. मिस्त्रींनी त्याचा बाऊ केला नाही. “मग आदी लोखंड वळखायला शिका,” म्हणाले. “मापाचं मागनं बगू.”

माझा समज असा की लोखंड ते लोखंड. मिस्त्रींनी ढिगातून तीन तुकडे उचलले, ग्राइंडर चालू केला आणि एकेक तुकडा चाकावर धरला. पहिला गजाचा तुकडा, साधं माइल्ड स्टील. त्याच्या ठिणग्या लांब गेल्या, पिवळसर, सरळ रेघांसारख्या, टोकाला कुठेतरी एखादा फाटा. दुसरा कमानपाटा. त्याच्या ठिणग्या वाटेतच फुटत होत्या, एकीतून चार, चारांतून आणखी, दिवाळीतल्या फुलबाजीसारख्या. तिसरा ब्रेकड्रमचा तुकडा, म्हणजे बीड. त्याच्या ठिणग्या चाकाजवळच लालसर, मंद होऊन आखूड विझल्या. “पोलादात फुटत्यात तितका कार्बन जास्त, बिडाचं येगळं,” मिस्त्री म्हणाले. “आनि कार्बन जास्त तितका वेल्डिंगला तरास.”

या तीन प्रकारच्या ठिणग्यांनी माझी सगळी कल्पनाच बदलली. ढिगात जे एकसारखं तांबूस, गंजकं दिसत होतं त्याच्या पोटात इतकं वेगवेगळं काही दडलेलं होतं. साध्या स्टीलमध्ये कार्बन पाव टक्क्याच्या आत. कमानपाट्यात अर्ध्या टक्क्याच्या वर, म्हणून तो वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. बिडात दोन टक्क्यांहून जास्त, म्हणून ते ओतायला सोपं आणि ठोकलं तर फुटणारं. तुकडा कुठे जोडायचा, कसा जोडायचा, त्यावर किती भार द्यायचा, हे आकारावरून ठरत नाही. आधी ते या कार्बनवरून ठरतं. शिल्पाच्या पुस्तकांत मला हे कुठे वाचायला मिळालं नव्हतं. शेडमध्ये ते रोजचं ज्ञान आहे.

बिडाचा अनुभव पुढे लगेच आला. ब्रेकड्रमची अर्धी कड फार देखणी होती. झिजून झिजून आतून आरशासारखी गुळगुळीत, बाहेरून खडबडीत. ती एका उभ्या चॅनेलला जोडली. सांधा चांगला दिसत होता. चहा प्यायला बसलो आणि मागून ‘टिंग’ असा बारीक, स्वच्छ आवाज आला. सांध्याला लागूनच ड्रमला केसाएवढी चीर गेली होती. वेल्डिंगच्या उष्णतेने बीड एका जागी फुगतं, निवताना आवळतं, आणि साधं स्टील जसं थोडं ताणून घेतं तसं बिडाला जमत नाही, ते तडकतं. त्याला निकेलचा महागडा रॉड लागतो, आख्खा तुकडा आधी तापवून घ्यावा लागतो, काम झाल्यावर राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश निववावा लागतो. मिस्त्रींनी तिसरा मार्ग काढला. ड्रमला भोकं पाडली आणि बोल्टने आवळला. त्या बोल्टची डोकी आता शिल्पात उठून दिसतात, आणि मला ती तिथे हवीशी वाटतात, कारण तो तुकडा वेल्डिंगला राजी नव्हता हे त्यांच्यामुळे कळतं.

वेल्डिंगचं म्हणाल तर हाताला ते फार सावकाश येतं. 3.15 मिलिमीटरचा रॉड, मशीन शंभर-सव्वाशे अँपिअरवर, काच अकरा नंबरची. रॉड टेकवला की चिकटतो, उचलला की ज्योत तुटते. या दोहोंच्या मधलं जे दोन-तीन मिलिमीटरचं अंतर आहे तिथेच सगळं काम. काचेतून बाहेरचं जग पूर्ण काळं होतं आणि फक्त एक हिरवट, वितळलेला थेंब दिसतो. त्याच्याकडे बघायला शिकायचं असतं, ज्योतीकडे नाही. मिस्त्री मागून सांगत राहायचे, “पानी बगा, पानी,” म्हणजे वितळलेलं लोखंड. ते पाणी कडेला कसं पसरतं, मागे कसं घट्ट होतं, वर स्लॅगची साय कशी धरते, हे दिसायला लागलं त्या दिवशी मी घरी जाऊन सगळ्यांना तेच सांगत बसले.

काही गोष्टी त्यांनी हातसुद्धा लावू न देता बाजूला केल्या. सीलबंद शॉकअब्सॉर्बर तापवायचा नाही, आत दाब असतो, फुटतो. गॅल्व्हनाइज्ड पाइपावर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. आधी जस्त घासून काढायचं. सिंथेटिक ओढणी घेऊन शेडमध्ये यायचं नाही. आणि नुसत्या डोळ्यांनी ज्योत बघायची नाही, एकदाही नाही. वेल्डिंग ‘लागतं’ ते तेव्हा कळत नाही, मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग सुरू होते. शेडमधल्या पोरांनी हे सगळं सोसलेलं आहे. त्यांच्या सोसण्यावर माझं शिकणं सुरक्षित झालं, ही जाणीव मला कायम राहील.

जोडणं थोडंफार यायला लागलं आणि खरा गोंधळ तिथून सुरू झाला. काय जोडायचं?

नांगराचा एक फाळ, त्याला खालून बेअरिंगची रिंग, मागे पाट्याची कमान, एवढं टॅक, म्हणजे वेल्डिंगचे कच्चे ठिपके, मारून उभं केलं. शेजारच्या काकू आल्या, म्हणाल्या, “बगळा केलाय व्हय?” दुसऱ्या दिवशी कामावरच्या पोराला त्यात बगळाच दिसला. मग मलाही बगळ्याशिवाय काही दिसेना. फाळ चोच झाला, रिंग डोळा झाली. मला बगळा करायचा नव्हता. पण दोन तुकडे जवळ आले की डोळा त्यांत जीव शोधतोच; गोल दिसलं की डोळा, टोकदार दिसलं की चोच.

आपल्याकडे तर ही सवय आणखी पक्की आहे. कोल्हापूरची कलेची परंपरा थोर आहे आणि ती हुबेहूबतेची आहे. बाबूराव पेंटर चित्रकार, मूर्तिकार. 1920 साली त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट आला तो त्यांनी इथेच घडवलेल्या कॅमेऱ्यावर. यंत्र घडवणारा हात आणि मूर्ती घडवणारा हात एकच असू शकतो, हे या जिल्ह्याने शंभर वर्षांपूर्वी पाहिलंय. पुतळा म्हटला की चेहरा ओळखू आला पाहिजे, घोड्याच्या मानेची शीर दिसली पाहिजे. शाळेच्या सहली आम्ही कणेरी मठावर नेतो, तिथल्या सिद्धगिरी म्युझियममधले बलुतेदार, बैल, पाणी शेंदणारी बाई बघून मुलं थक्क होतात, काही पुतळ्यांना हात लावून बघतात. मीही त्यातच वाढले. त्या कौशल्याबद्दल मला अपार आदर आहे. म्हणूनच काकूंच्या प्रश्नाचा राग आला नाही. ‘हे काय आहे?’ हा इथला रास्त प्रश्न आहे, आणि त्याला ‘काही नाही’ हे उत्तर पुरेसं नाही हे मलाही कळत होतं.

पिकासोने 1942 मध्ये सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तूंतून बैलाचं डोकं केलं. सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगं. काकूंना ते दाखवलं तर त्या लगेच ओळखतील आणि खूशही होतील. ती नजर विलक्षण आहे, पण तो रस्ता बैलापाशी येऊन थांबतो. मला जे हवं होतं ते दुसऱ्या बाजूला होतं. गंमत अशी की त्या बाजूची माणसंही शेडमधूनच आलेली. हुलिओ गोन्सालेस हा स्पॅनिश कारागीर 1918 मध्ये पॅरिसजवळच्या रेनॉ कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकला. 1928 पासून त्यानेच पिकासोला लोखंड जोडायला मदत केली. अमेरिकेचा डेव्हिड स्मिथ 1925 च्या उन्हाळ्यात स्टुडबेकर मोटारींच्या कारखान्यात कामाला होता, धातूकाम तिथे शिकला. पुढे एका मासिकात पिकासो-गोन्सालेस यांच्या लोखंडी शिल्पांची छायाचित्रं त्याने पाहिली आणि आपण कारखान्यात शिकलेलं शिल्पाला चालतं, हे त्याच्या ध्यानात आलं. 1962 मध्ये त्याला इटलीत व्होल्त्री इथले बंद पडलेले कारखाने वापरायला मिळाले. तिथे पडून राहिलेल्या सांडश्या, चाकं, पत्र्यांची कापलेली टोकं घेऊन त्याने महिन्याभरात 27 शिल्पं उभी केली. आपल्याकडे बडोद्याच्या राघव कनेरियांनी साठच्या दशकात कारखान्याच्या भंगारातून वेल्डिंग करून शिल्पं केली. हे मी मिस्त्रींना सांगितलं. स्मिथच्या सांडश्यांचा फोटो त्यांनी मोबाइलवर बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “हत्यारंच लावल्यात की. कामगार गेलं, हत्यारं ऱ्हायली.” इतकं नेमकं मला कोणत्याही पुस्तकाने सांगितलं नसतं.

त्यानंतर आम्ही बगळा मोडला. मिस्त्रींनी फाळ टॅकवरून तोडला आणि उलटा करून धरला, टोक खाली, पसरट बाजू वर. चोच गेली. रिंग डोळ्याच्या जागेवरून खाली पायाशी नेली, तिथे तिला भार घ्यावा लागला. कमान मागे होती ती बाजूला फिरवली. एकाएकी त्या तिघांत एक ताण दिसायला लागला. फाळ खाली यायला बघतोय, कमान त्याला रेटते आहे, रिंग दोघांनाही सोसते आहे. ‘हे काय आहे’ या प्रश्नाऐवजी ‘हे पडत का नाही’ असा प्रश्न मनात आला. मला वाटतं, मी शोधत होते ते हेच होतं. वजन, रेटा, तोल यांचा अर्थ अंगाला आधी कळतो. डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालणाऱ्या बाईला तो कुणी समजावून द्यावा लागत नाही. काकूंनी नवीन रूप पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही. म्हणाल्या, “हलंल का ओ हे?” आणि हात लावून बघितलं.

अर्थात लोखंड आपला भूतकाळ सोडत नाही, सोडावा असंही मला वाटत नाही. उलटा केला तरी फाळ फाळच आहे. मातीत घासून घासून त्याचं एक टोक जास्त झिजलंय, कारण बैल किंवा ट्रॅक्टर एकाच बाजूने वळत राहिला. ती झीज कुणा कलावंताला मुद्दाम करता येणार नाही. कमानपाट्यावर मधोमध बोल्टचं भोक आहे, तिथून पुढे पट्ट्यापट्ट्यांच्या घर्षणाचे ओरखडे. सपाट नवा पत्रा घेऊन हवा तो आकार कापता येतो, तसं करणारे मोठे शिल्पकार आहेत. अँथनी कॅरोने 1962 साली ‘अर्ली वन मॉर्निंग’ हे शिल्प गर्डर आणि प्लेटांचं करून सगळं लाल रंगवलं, चौथरासुद्धा दिला नाही. रंगाखाली लोखंडाचा इतिहास झाकला जातो आणि फक्त आकार उरतो. मी त्याचा विचार खूप केला. पण शाहूवाडीच्या लाल मातीत झिजलेल्या फाळावर रंग चढवायला माझा हात होईना.

रंग नाही म्हटल्यावर पाऊस पुढे उभा. मलकापूरचा पाऊस शाहूवाडीकरांना सांगायला नको. जूनपासून कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, उघड्या लोखंडाला एका रात्रीत तांबूस लव फुटते. परदेशात कॉर्टेन नावाचं पोलाद वापरतात, त्यात थोडं तांबं, क्रोमियम असतं. त्याचा वरचा गंज घट्ट बसतो आणि आतल्या लोखंडाला राखतो. पण त्यालाही आलटून-पालटून भिजावं आणि सुकावं लागतं. आणि भंगारात कॉर्टेन येणार कुठून? साध्या पोलादाचा गंज खपल्या धरून सुटतो, खाली नवा चढतो. मिस्त्रींनी सुचवलेला उपाय साधा निघाला. तारेच्या ब्रशने सैल गंज काढायचा, तुकडा गॅसच्या ज्योतीने गरम करायचा आणि गरम असतानाच जवसाचं तेल फडक्याने चोळायचं. तेल शिजून काळपट-तपकिरी थर धरतं आणि झीज, ओरखडे सगळे खालून दिसत राहतात. दरवर्षी मिरगाच्या आधी पुन्हा चोळावं लागणार. शिवाय जिथे जिथे खोबण तयार होते तिथे खालून भोक पाडायचं. पाणी साठलं की तिथून लोखंड कुजायला लागतं. आता मी कुठलाही तुकडा जोडताना आधी पाणी कुठून उतरेल ते बघते, आणि या एका काळजीने कितीतरी आकार आपोआप ठरून जातात.

ओढीचं अजून सांगायचं राहिलं. वेल्डिंग निवताना आवळतं आणि तुकड्याला आपल्या बाजूला ओढतं. ओळंब्यात धरून जोडलेला गज सकाळी बघावा तर बोटभर कललेला. एका बाजूला एक टॅक, मग समोरच्या बाजूला एक, मग थोडं थांबायचं, असं फिरत फिरत जोडलं तर ओढ सारखी वाटली जाते. गेटाच्या कामात ओढ म्हणजे दोष, ती मारावीच लागते. पण शिल्पात? एकदा कमान ओढीने किंचित पुढे झुकली आणि तिथे तो झुकाव माझ्या मनातल्या जागेपेक्षा जास्त बरोबर वाटला. मी म्हटलं, राहू दे. मिस्त्री अस्वस्थ झाले. आयुष्यभर ज्यांनी काटकोन राखला त्यांना ते कसं सोसावं? त्यांनी गुण्या आणला, लावून दाखवला, किती फरक पडलाय ते सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि तरीही म्हटलं, राहू दे. त्यावर आमचं एकमत आजतागायत नाही, आणि मला त्यांचा आग्रह फार मोलाचा वाटतो; तो समोर असल्यामुळे प्रत्येक कललेल्या तुकड्याचं कारण मला स्वतःला द्यावं लागतं.

सध्या शेडच्या कोपऱ्यात माझ्या खांद्याइतक्या उंचीचं काम उभं आहे. खाली रिंग, तिच्यावर उलटा फाळ, बाजूने झुकलेली कमान, वर बोल्टने आवळलेली ड्रमची कड. मिस्त्रींचं म्हणणं, बूड हलकं पडतंय, वाऱ्याला टिकायचं नाही. खाली जाड प्लेट टाकू. मला प्लेट नको, तिने सगळं जमिनीपासून तुटेल. तोडगा म्हणून घाण्याचं जुनं दाती चाक शोधायचं ठरलंय, अर्धं तुटलेलं असलं तरी चालेल. वजन पुरेसं, आणि दातांमधून पाणीही निघून जाईल. बांबवड्याच्या बाजूला एका बंद पडलेल्या गुऱ्हाळात तसं चाक आहे, असं कामावरचा पोरगा सांगतोय. चाक बिडाचं असण्याचा संभव मोठा, म्हणून जाताना छोटा ग्राइंडर बरोबर न्यायचाय. आधी ठिणगी बघू, मग मालकांशी बोलू.